तारकर्लीच्या साखरपुड्याच्या व्हिडिओबद्दल

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘माणसांचा आवाज कमी, वाऱ्याची घरघर जास्त. हौशी लोक. 22 हजार पाण्यात.’ बाबांच्या मनोगतातली मधली तीन-चार वाक्यं कळत नाहीत, हे खरं आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. बाबांच्या कुर्त्याला कॉलर माइक लावला तेव्हा त्यावर केसाळ टोपी होती. ती शोभेची नसते. वारा थेट माइकवर आपटला की घरघर होते. त्या केसांत शिरला की त्याचा जोर आधीच मोडतो. ‘छातीवर उंदीर बसल्यासारखा दिसतोय’ म्हणून ती तुमच्याच भावाने काढायला लावली. आमचा मुलगा म्हणाला, ‘दादा, वारा आहे.’ उत्तर मिळालं, ‘नंतर एडिटिंगमध्ये काढा.’ पोरगा 20 वर्षांचा, पाहुण्यांसमोर किती हुज्जत घालणार?

त्यात कार्यक्रम सकाळी 9चा, सुरू झाला दुपारी साडेतीनला. मेकअपला वेळ लागतो, मान्य. पण दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, तो कुणासाठी थांबत नाही. मालवणात कुठल्याही रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा.

एडिटिंगही केलं. 100 हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे अगदी खर्जातला आवाज, कापलं, घरघर बरीच उतरली. पण जिथे झोताने आवाज फाटलाय, तिथे शब्द नीट रेकॉर्डच झालेले नाहीत. जे आलंच नाही ते कुठून काढू? दोन रात्री बसलो त्यावर. त्याचे पैसे लावले नाहीत, हेही आज सांगावं लागतंय.

‘हौशी’ हा शब्द मात्र लागला. 14 वर्षं हेच करतोय, कॅमेऱ्याचे हप्ते अजून चालू आहेत. लग्नसराईच्या तोंडावर लोक फोन करण्याआधी स्टार बघतात, ताई.

यापुढे टोपी काढायची असेल तर आधी लिहून घेऊ, आणखीही काही सुधारणा करतोच आहोत. बाबांची तयारी असेल तर मी स्वतः घरी येतो, तेवढी वाक्यं पुन्हा बोलून घेतो आणि व्हिडिओत जोडून देतो. पैसे नकोत. पंखा तेवढा बंद ठेवा.