पऱ्हाटी जाळायची की कुजवायची?

नागपुरात महाराजबागेजवळच्या चहाठेल्यावर संध्याकाळी वाद पेटला तो पऱ्हाटीवरून, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या कपाशीच्या झाडांवरून.

सावनेरवाला ठाम होता. "धुऱ्या-बांधावर ढीग घाला अन् लावा काडी. पऱ्हाटी राहिली की तिच्यावरच्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात हजर."

त्याची भीती फुकाची नाही. फरदड (हंगाम संपल्यावरही वेचणीसाठी राखलेली कपाशी) ठेवू नये, डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवावी, हे काटोलवाल्यालाही मान्यच होतं. "पण काडी लावली की जवळपास सगळा कर्ब अन् बहुतेक नत्र धुरात जातो गा. उरते राख. त्यातलं पालाश कामाचं, पण तीही धुऱ्यावरच पडून राहते."

"मंग कुट्टी करून वावरातच गाडतो!"

"तिथंच फसतं," कळमेश्वरवाला म्हणाला. "पऱ्हाटीत नत्राच्या पन्नासपट कर्ब. उन्हाळ्यात ओल नाही, कुजत नाही. पाऊस पडला की जिवाणू तिला कुजवायला जमिनीतलाच नत्र ओढतात अन् नवी कपाशी पिवळी पडते."

मग त्यानं रीत सांगितली. किडकी बोंडं आधी वेचून वेगळी काढायची. पऱ्हाटीचे श्रेडरमधून दोन इंचांचे तुकडे. टनभर कुट्टीला 100 किलो शेणाचा काला, 8 किलो युरिया, विरजणापुरतं जुनं शेणखत. ढीग पाच फूट रुंद, चार फूट उंच. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आत 55 अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकली की राहिलेली अळीही मरते. पण कडा थंडच राहतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी पलटी द्यायची, बाहेरचं आत. एप्रिलच्या उन्हात ढीग सुकला की काम थांबतं. बहुतेकांचं खत इथंच बिघडतं. तुराट्यांनी झाकायचं, पाणी चालू ठेवायचं.

"एवढं करून जमिनीतला कर्ब वाढतो किती?" सावनेरवाल्यानं विचारलं.

"हेक्टरभर रानातल्या 15 सेंटीमीटर थराची माती भरते सुमारे 22 लाख किलो. कर्ब 0.1 टक्का वाढवायचा तर 2200 किलो निव्वळ कर्ब जमिनीत टिकायला हवा. 5 टन खतात टनभरही नसतो, त्यातलाही बराच हवेत जातो. म्हणून एका वर्षात माती परीक्षणात फरक दिसत नाही, अन् लोक दुसऱ्याच वर्षी सोडून देतात."

सावनेरवाला जरा थांबला. "म्हणजे जाळायची ती बोंडं?"

"किडकी बोंडं. तेवढीच."