गुंडाळता गुंडाळता हात दुखला म्हणे

३६ ओळी. मी विणत असलेल्या शालीच्या, १३२ टाक्यांच्या ३६ ओळी वहिनीने उसवून गुंडाळून ठेवल्या, आणि वर मलाच सांगते, “केवढा लांब धागा लोंबत होता गं, गुंडाळता गुंडाळता हात दुखला माझा.”

आज पाचवा दिवस. अजून राग जात नाहीये. जाऊही नये असं वाटतंय.

ताप आला होता मला. १०२ च्या खाली उतरेना. तीन दिवस मी कुणाला कळवलंच नव्हतं, कारण कळवलं की काय होतं ते मला माहीत आहे. चौथ्या दिवशी दादाचा सहज फोन आला आणि माझ्या आवाजावरून त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ठाण्याहून पुण्यात हजर. आली, हे चांगलंच केलं. रात्री दोनदा उठून तिने माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मऊ भात भरवला, ते मी नाकारत नाही. पण मी गोळी घेऊन दुपारी झोपले आणि तिने घर “आवरायला” घेतलं. एकटीच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर माणसांना हे आवरण्याचं काय सुचतं? मी काही पसारा घालून बसले नव्हते. खुर्चीशेजारी वेताची टोपली, टोपलीत शाल, शालीत सुया. तीन महिने ती तिथेच होती. तिथे ती असते!

उठून बघते तर टोपली रिकामी. टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासात माझ्या सगळ्या सुया उभ्या करून ठेवलेल्या, ८ नंबरच्या, १० नंबरच्या, क्रोशाच्या, सगळ्या एकत्र. “इकडे तिकडे पडलेल्या, कुणाला टोचल्या असत्या.” कुणाला? या घरात मी सोडून आहे कोण? आणि पडलेल्या नव्हत्या त्या. त्यातली एक १३२ टाक्यांमधून ओढून काढली होती. शाल घडी करून कपाटात, आणि शेजारी हा एवढा मोठा, करकचून गुंडाळलेला गुंडा.

सुई काढल्यावर धागा येणारच. ओढला की येतो, येतच राहतो. ती गुंडाळत राहिली आणि तो येत राहिला. नऊ लाटा, म्हणजे त्या ३६ ओळी, उसवेपर्यंत एका बाईच्या लक्षात येऊ नये की आपल्या मांडीवरचं कापड लहान होतंय? हे मला खरंच समजत नाही. पाच दिवस विचार करतेय, नाही समजत.

जे विणतात त्यांना वेगळं सांगायला नको. चार ओळींची एक लाट. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट, तिसरीत जाळी, चौथी पुन्हा सुलट. जाळीच्या ओळीत दर १८ टाक्यांना तीनदा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, मग परत तीनदा दोन-दोन एकत्र. असे सात घास, १२६ टाके, आणि दोन्ही काठांना तीन-तीन. साध्या सुलट-उलट विणीत टाका सुटला तर क्रोशाच्या सुईने पायरी पायरीने वर आणता येतो. जाळीत नाही येत. तिथे एका टाक्याचे दोन झालेले असतात आणि दोनाचा एक, कुठला कुणाचा हे कळायला मार्ग नसतो.

म्हणूनच मी दर दहा लाटांनी टाक्यांमधून शिवणाचा पांढरा दोरा ओवून ठेवते. चूक झालीच, तर तिथपर्यंत उसवायचं, टाके दोऱ्यावर सुखरूप असतात. या शालीतही होता. मरून रंगावर पांढरा, लांबूनही दिसेल असा. तोही तिने काढला. “कुठलासा दोरा अडकला होता मध्येच, तो ओढून टाकला.”

हे ऐकलं तेव्हा मी काही बोललेच नाही. बोलायला तोंडच उघडलं नाही.

मग जरा वेळाने मी शाल हातात घेऊन तिला म्हटलं, “वहिनी, हे उसवलंय गं सगळं.” तेव्हा ती काय म्हणाली? “अगं, मग विण ना परत. तुला काय, वेळच वेळ आहे.”

तुला काय, वेळच वेळ आहे.

लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईने हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकायचं? नोकरीत होते तेव्हा ऐकलं. तेव्हा मी सकाळी साडेआठला घर सोडून संध्याकाळी सातला परत येत होते, तरी वेळच वेळ होता म्हणे. २०११ ला आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात बैठक बसली. दादाला मुलांच्या शाळा, ताईला तिच्या सासूबाई, आणि “तू तर एकटीच आहेस.” संपली बैठक. २०१७ पर्यंत आई माझ्याकडे होती. आईचं करायला लागलं याची तक्रार नाही, ती माझी आई होती आणि ती सहा वर्षं मी कुणाला देणार नाही. पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हे असंच होणार हे माझ्याशिवाय सगळ्यांनी आधीच धरलेलं होतं. रात्री तीनला आईची कूस बदलायला मी उठत होते आणि सकाळी यांचे फोन, “आईला जरा उन्हात बसवत जा.”

माझा वेळ मी एकटी आहे म्हणून मोकळा नसतो. घरातलं दुसरं माणूस वीज बिल भरतं, गॅसवाल्याला दार उघडतं, दळण आणतं, बँकेत जातं. माझ्याकडे ते दुसरं माणूस मीच असते. सिलिंडरवाला येणार म्हणून दोन सकाळी घरात अडकून बसायचं आणि तो नेमका मी औषध आणायला खाली उतरले की यायचा, आणि “घर बंद” असा शेरा मारून निघून जायचा. कुणाला सांगणार?

आणि डोळे. २०२२ ला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न केला, “सोबत कोण आहे?” म्हटलं, कुणी नाही. “मग सही कोण करणार?” म्हटलं, मी करते ना, डोळा माझा आहे. नाही चालत म्हणे, नातेवाईक लागेल. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना रजा काढायला लावून नेलं, त्यांनी “शेजारी” असं लिहून सही केली. पुढचे कितीतरी आठवडे दिवसातून चार-चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे, ते आरशासमोर उभं राहून माझे मीच घातले. निम्मे गालावर. तेव्हापासून गडद लोकर मी दिव्याखाली विणत नाही, टाके दिसत नाहीत नीट. दुपारी चार ते पाच, गॅलरीत, उजेड आहे तोवर. रोज एक लाट, चार ओळी. त्यापेक्षा जास्त विणलं की उजवा खांदा बोलायला लागतो. हाच खांदा मागे आठ महिने धरला होता. फ्रोझन शोल्डर, मधुमेहवाल्यांना जास्त होतो म्हणाले डॉक्टर. वेणी घालता येत नव्हती, ब्लाउजचा हूक लावता येत नव्हता. आठ महिने सुई हातात धरली नव्हती मी. ही शाल म्हणजे त्यानंतरचं पहिलं मोठं काम.

म्हणजे नऊ लाटा म्हणजे माझ्या नऊ संध्याकाळी. वहिनीने त्या अर्ध्या तासात गुंडाळल्या.

आणि शाल माझी होती. माझ्यासाठी! आजवर विणलं ते सगळं दुसऱ्यांसाठी. दादाच्या दोन्ही मुलांचे स्वेटर, मग त्यांच्या मुलांची टोपरी-मोजे, ताईच्या नातीचा फ्रॉक, कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाच्या बारशाला. “टीव्ही बघता बघता होतो तुझा.” एका तान्ह्या बाळाच्या स्वेटरला बारा-चौदा हजार टाके लागतात, मी एकदा मोजलेत. त्यातला एक भाचेसुनेने गरम पाण्यात मशीनला लावला. शुद्ध लोकरीचा होता, आटून बाहुलीच्या मापाचा झाला. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “आत्या, दुसरा करून द्याल का?” मी दिला. का दिला?

या वेळी मी तुळशीबागेत जाऊन मला आवडणारा मरून रंग घेतला, सगळे गुंडे एकाच लॉटचे, प्रत्येकाच्या पट्टीवरचा नंबर ताडून. दुकानदाराने विचारलं, “कुणासाठी?” म्हटलं, माझ्यासाठी. पुण्यात पहाटे थंडी पडते तेव्हा गॅलरीत चहा घेताना अंगावर घ्यायला.

फ्रिजबद्दल तर लिहिलंच नाही अजून. माझ्या फ्रिजमध्ये छोट्या वाट्या असतात. एकीत मुगाची आमटी, एकीत दुधी, एकीत दोन चमचे लसणाची चटणी. ते उरलेलं-सुरलेलं नसतं, तो उद्याचा स्वयंपाक असतो. एकटीसाठी कुठलाच भाजीवाला पाव किलोच्या खाली तोंड उघडत नाही, अर्धा कोबी कुणी कापून देत नाही, एका माणसाची आमटी करायला डाळ मुठीने मोजायची म्हटलं तरी ती दोन वेळची होते. म्हणून वाट्या. त्या सगळ्या वाट्या बेसिनमध्ये ओतल्या गेल्या. “एवढं एवढं काय साठवून ठेवतेस, शिळं खाऊनच आजारी पडलीस.” आणि मग अठरा पोळ्या, पातेलंभर बटाट्याचा रस्सा, आणि तोंडाला चव यावी म्हणून साबुदाण्याची खीर. साखर घालून. मला चौदा वर्षं मधुमेह आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. “एका वाटीने काय होतंय?” दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर २१४. तापातही साखर वाढते, कळतं मला, सगळा दोष खिरीचा नाही. पण तीन महिन्यांची सरासरी, ती एचबीएवनसी, ७ टक्क्यांच्या आसपास आणायला मी काय काय सोडलंय ते मला माहीत. एकेक पोळी मोजून खाते मी. माझ्या घरात, माझ्या ताटात काय पडावं हेसुद्धा आलेल्या माणसाने ठरवायचं?

दोन माणसांच्या घरात असं कुणी करत नाही. ताईकडे गेल्यावर वहिनी तिचं कपाट उघडेल? तिच्या फ्रिजमधलं फेकेल? भाऊजींना विचारेल आधी. तिथे वस्तूंना मालक असतो. माझ्याकडे मात्र सगळं असंच पडलंय, आणि कुणीतरी येऊन हात फिरवायचाच बाकी आहे, असं धरून चालतात. जाताना वहिनीने हळूच विचारलंच, “पुढे या फ्लॅटचं काय ठरवलंयस?” १०० वर ताप होता तेव्हा माझा.

वाईट याचं वाटतं की तिने हे दुष्टपणाने केलेलं नाही. दुष्टपणाने केलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ती रात्री दोनदा उठली होती. माझी चादर बदलली तिने. पाठीला तेल लावलं, ते आईनंतर कुणी लावलं नव्हतं. आणि त्याच हातांनी तो पांढरा दोरा ओढला. हे दोन्ही एकाच वेळी मनात ठेवून मी काय करू?

काल उजेडात बसून बघितलं. उसवलं होतं ते सरळ एका ओळीवर थांबलेलं नाहीच, कुठे दोन ओळी खाली, कुठे जाळीच्या मधोमध. कपाटात कोंबताना काही टाके आणखी धावले. मग त्याच्याही खालची एक साधी ओळ शोधली, १२ नंबरची बारीक सुई घेतली, आणि प्रत्येक टाक्याचा उजवा पाय पकडत ती त्या ओळीतून ओवायला लागले. आधी सुई ओवायची, मग वरचं उसवायचं. मरून रंगात टाक्याचा पाय शोधायला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. गुंडाही सोडवून सैल केला, ताणून गुंडाळल्याने लोकर पार चेपली होती. उसवलेला धागा सगळा वाकडा झालाय, नागमोडी. वाफ दिल्याशिवाय विणता येणार नाही, नाही तर जुन्या आणि नव्या लाटांतला फरक कायम दिसत राहील.

तेवढ्यात वहिनीचा फोन. “बरं वाटतंय का? पुढच्या आठवड्यात येऊ का परत, दोन दिवस?”

म्हटलं, “वहिनी, तू ये. पण माझी टोपली, माझा फ्रिज आणि माझं कपाट, तिन्हीला हात लावायचा नाही.”

पलीकडून जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, “रागावलीस का गं?”

“हो,” म्हटलं. “रागावलेय.”

इतक्या वर्षांत हे तिला पहिल्यांदा सांगितलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

आज चार वाजता पुन्हा गॅलरीत बसले. पाच वाजेपर्यंत बारीक सुईवर १२९ आले. डाव्या काठाचे तीन अजून सापडत नाहीयेत.