"थोडं वाचत जा" म्हणणाऱ्या वाचकाला

मेलबर्नजवळच्या यू यांग्ज टेकड्यांमधल्या बुंजिलवरच्या, म्हणजे जमिनीवर दगड मांडून केलेल्या प्रचंड गरुडावरच्या, माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत, "कलाकारच ॲबोरिजिनल नाही, मग यात त्यांचं काय? जवळच वुर्दी यूआंगची दगडी मांडणी आहे, तिचा साधा उल्लेख नाही. लिहिण्याआधी थोडं वाचत जा."

एक चूक मान्य. 100 मीटर ही गरुडाची लांबी नाही, पसरलेल्या पंखांची रुंदी आहे. दुरुस्त केलंय, थँक्यू.

पण "थोडं वाचत जा"? ओळख ना पाळख, आणि डायरेक्ट मास्तरकी? मी चौदा वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला राहतेय, आमच्या गच्चीतून त्या टेकड्या दिसतात, तिथलं फ्लिंडर्स पीक हे शिखर किती वेळा चढले त्याचा हिशोब नाही, लेक चार वर्षांची असताना तिला अर्धी वाट कडेवर घेऊन चढलेय आणि वरून बोट दाखवून सांगितलंय की तो बघ बुंजिल, इथल्या मूळच्या कुलिन लोकांचा गरुड, ज्यानं जमीन, झाडं, माणसं सगळं घडवलं. खाली दगडांपाशी उभं राहिलं तर काही कळत नाही हो, नुसत्या खडकांच्या रांगा दिसतात, 1500 टन दगड आहे तो, आणि वर चढत गेलं की त्यातून हळूहळू पंख उमटतात. लेक तेव्हा एकदम गप्प झाली होती. हे कुठल्या पुस्तकात वाचू, सांगा!

आणि तो कलाकार, अँड्र्यू रॉजर्स, ॲबोरिजिनल नाही हे मला माहीत नसेल असं तुम्हाला वाटलंच कसं? हा माणूस 1999 पासून, इस्रायलच्या अरावा वाळवंटापासून, देशोदेशी दगडांच्या अशा आकृत्या करत आलाय आणि त्या-त्या ठिकाणच्या लोकांच्या खुणा त्यात घेतो. बुंजिल 2006 च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळचा, तिथल्या वाथाउरोंग लोकांचा, म्हणजे कुलिनांपैकीच एकांचा, मान म्हणून केलेला. माझ्या लेकीला कुलिन हा शब्द त्या दगडांमुळे कळला, मला एवढं पुरतं. तुम्हाला पुरत नसेल तर तुमचं तुम्ही बघा.

राहिलं वुर्दी यूआंग. माहितीय मला. शंभराच्या आसपास बसाल्टचे दगड, अंड्याच्या आकाराची मांडणी, साधारण 50 मीटरची, वाथाउरोंग लोकांनी स्वतः रचलेली, आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवशी सूर्य कुठे मावळतो ते त्यातून दिसतं असं अभ्यासक म्हणतात. पण माझी पोस्ट बुंजिलवर होती, त्याच्यावर नव्हती. एवढंच.

पुढच्या वेळी कमेंट टाकाल तेव्हा स्वतःच्या नावानं टाका.