खुलासा : 'एम्पायर : टोटल वॉर'मधले मराठे

'एम्पायर : टोटल वॉर' या युद्धाच्या कॉम्प्युटर गेमबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे खेळायला वेगळा पॅक विकत घ्यावा लागतो, आणि मग शिवाजी महाराज राजे म्हणून मिळतात." दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मराठे 2009 च्या मूळ गेममध्येच आहेत. ग्रँड कॅम्पेन (गेममधली मुख्य मोहीम) उघडा, यादीत मराठा संघ निवडा, झालं. वॉरपाथ हा गेमला जोडायचा जादा पॅक उत्तर अमेरिकेतल्या मूळ जमातींचा. त्यावर मराठ्यांसाठी पैसे घालवू नका.

महाराजांचं निधन 1680 चं, गेम सुरू होतो 1700 ला. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराराणींनी कारभार हाती घेतला. त्यांचा तो लढा आपल्या पोरांना माहीत असायलाच हवा.

गेममध्ये मोगलांशी युद्ध पहिल्यापासूनच असतं. खरी अडचण प्रांत जिंकल्यावर येते : धर्म वेगळा, लोक नाराज, त्यात कर चालू, मग बंड होतं. म्हणून नवा प्रांत घेतला की त्याला करमाफी द्या, सैन्य आतच ठेवा आणि शांतता झाल्यावरच पुढे सरका. वर्षाला दोनच चाली मिळतात, तरी इथे घाई नको.

नकाशावर बेळगाव वेगळा प्रांत नाही. शोधत बसू नका.