अंदमानला जाताय? आधी ती पॉइंटची यादी फाडा

परवा गल्लीतल्या एका काकांनी मोबाईल पुढं केला, म्हणाले बघ रं जरा, डिसेंबरला अंदमान ठरवलंय, पॅकेज कसं वाटतंय सांग. पीडीएफ उघडली तर पाच रात्री सहा दिवस आणि त्यात बावीस पॉइंट. बावीस! अहो, जोतिबा-पन्हाळा-वाडी एका दिवसात उरकणाऱ्या पाहुण्यांना आपणच हसतो की, आणि स्वतः गावाबाहेर पडलो की तेच करतो. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, कारण गेल्या जानेवारीत मी हीच चूक स्वतःचे पैसे भरून करून आलोय.

आम्ही चौघं. मी, सौ., अकरा वर्षांची लेक आणि बहात्तर वर्षांचे आप्पा. कोल्हापुरातनं रात्रीची स्लीपर धरून बेंगळूर, तिथनं विमान आणि मग पोर्ट ब्लेअर. २०२४ ला नाव बदलून श्री विजयपुरम झालंय, पण आम्हाला भेटलेला प्रत्येक ड्रायव्हर पोर्ट ब्लेअरच म्हणत होता. तसंच हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, २०१८ पासून. बोटीच्या तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर गडबडून जाऊ नका.

आता यादीची गंमत बघा. आमच्या एजंटनं हॅवलॉकच्या पहिल्या दिवसाला लिहिलेलं, "सायं. ६ वा. राधानगर बीच, सनसेट". रंकाळ्यावर बसून टाइप केलं असणार त्यानं. घड्याळ आपलंच, पण ती बेटं आपल्यापेक्षा जवळजवळ एकोणीस रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्य सव्वा तास आधी उगवणार आणि सव्वा तास आधीच मावळणार. जानेवारीत सव्वापाचला खेळ खल्लास. आम्ही पावणेसहाला पोचलो तर अंधार पडत आलेला, लाइफगार्ड शिट्ट्या मारून लोकांना पाण्यातनं बाहेर काढतोय आणि सगळी गर्दी उलट्या दिशेनं पार्किंगकडं. आप्पा म्हणाले, "राधानगरीच दाखवायची हुती तर विमान कशाला? एस्टीनं गेलो असतो की." ते वाक्य मी उरलेले चार दिवस ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सांगितलं, दुपारनंतरचं सगळं कॅन्सल, साडेतीनला राधानगर. तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पण नेलं. आणि मग कळलं २००४ ला टाइम मासिकानं ह्याला आशियातला सगळ्यात चांगला बीच का म्हटलं असेल ते. मागं उंचच उंच झाडांचं दाट जंगल, ते संपतं तिथंच वाळू सुरू, मधे हॉटेल नाही, टपरी नाही, घोडागाडी नाही. वाळू इतकी बारीक की पायाला चिकटते ती झटकून जात नाही, धुवावी लागते. सौ. येताना म्हणालेली "मी काय पाण्यात उतरत नाही बाबा, मी हितंच बसतो", ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. दीड तास आम्ही काही म्हणजे काही केलं नाही. पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात भारी दीड तास, आणि यादीत त्याला धरली होती वीस मिनिटं.

मला म्हणायचंय ते एवढंच की अंदमानला पॉइंट 'करायला' जाऊ नका. सरकारी हिशोबात अंदमान-निकोबार धरून लहानमोठी ८३६ बेटं आणि खडक आहेत, त्यातल्या ३१ वरच माणसं राहतात, तुम्ही काय काय बघणार? दोन बेटं धरा, हॅवलॉकला निदान दोन रात्री काढा आणि पैसे दोनच गोष्टींवर खर्च करा.

एक, स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राखाली जायचं. पोहायला येत नसलं तरी चालतं, हे खरं आहे, मला पंचगंगेत कडेकडेनं पोहण्यापलीकडं काही येत नाही. आधी फॉर्म भरून घेतात, दमा, हार्ट, बीपी वगैरे, तिथं खोटं लिहू नका, आप्पांना त्यांनी प्रेमानं बाजूला बसवलं ते बरोबरच होतं. मग उथळ पाण्यात शिकवतात, तोंडानं श्वास घ्यायचा, कानात दडे बसले की नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं. आणि खुणा शिकवतात. तिथं माझा घोळ झाला. खाली गेलो, एका खडकाजवळ समुद्रफूल होतं, मऊ बोटांचा झुबका पाण्यात हलावा तसं, आणि त्यात तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा, आत जातोय बाहेर येतोय, मधेच माझ्या मास्कसमोर येऊन थांबला आणि असा बघायला लागला की जणू मी त्याच्या दारात गाडी लावलीय. मला राहवेना, मी इन्स्ट्रक्टरला अंगठा दाखवला, म्हणजे लई भारी! त्यानं मुकाट मला धरलं आणि वर घेऊन आला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'मला वर जायचंय', 'मस्त आहे' म्हणायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा असतो. शिकवलेलं होतं हो, पण कोल्हापूरकराचा हात आपोआप वर जातो त्याला काय करणार. पोरगी अजून चिडवते.

आम्हाला माणशी साडेतीन हजार पडले. त्यापेक्षा जेट स्की, बनाना राइड वगैरे नको, ते मालवणला, तारकर्लीला होतं की, त्यासाठी बंगालचा उपसागर कशाला ओलांडायचा. एक मात्र लक्षात ठेवा, स्कूबा आणि परतीचं विमान यात एक दिवस तरी ठेवा, अंगात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, लगेच उंचावर गेलं की त्रास होतो. आमच्या यादीत स्कूबा शेवटच्या दिवशी सकाळी होतं आणि विमान दुपारी! इन्स्ट्रक्टरनं विचारलं म्हणून कळलं, नाहीतर गेलोच असतो.

दोन, सेल्युलर जेल, आणि तेही दिवसा, अर्धा दिवस काढून. आपल्याकडची बहुतेक मंडळी काय करतात तर सरळ वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या सावरकरांच्या कोठडीकडं, तिथं फोटोची रांग, हात जोडले, फोटो काढला, खाली. कोठडी बघायचीच, १९११ ते १९२१ इतकी वर्षं त्यांनी ह्या जेलमधे काढली, थोरले भाऊ बाबाराव पण इथंच होते. पण तेवढ्यावर परत फिरू नका. मधल्या मनोऱ्यात नावं कोरलेल्या पाट्या आहेत, प्रांताप्रांताच्या, त्या वाचा. बंगालची यादी संपता संपत नाही. मग मनोऱ्याच्या गच्चीवरनं बघा, १८९६ ते १९०६ दहा वर्षं बांधकाम चाललेलं, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीनच राहिल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसायला नको, नुसती भिंत. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्या दारात उभं राहिलं की मग ते कळतं.

खाली शेडमधे कोलू ठेवलाय, आपला तेलघाणाच, आणि त्याला जुंपलेल्या कैद्याचा पुतळा. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, नाही निघालं तर शिक्षा. गाइड भरभर सांगून पुढं गेला, आप्पा तिथंच थांबले. त्यांचं लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं, बैलांच्या चरकावर. बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "आमी बैल सुद्धा बदलत हुतो रं, एक दमला की दुसरा." पुढं काही बोलले नाहीत, नातीचा हात धरून बाहेर जाऊन बसले. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो चांगला आहे, जावा, पण दिवसा हे बघितलं नसेल तर तो नुसता सिनेमा वाटेल.

बाकी पटपट सांगतो. रॉस बेट, म्हणजे आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, जरूर जा, साहेबाच्या बंगल्यांच्या भिंती झाडांच्या मुळ्यांनी गिळून टाकल्यात आणि मधनं हरणं फिरतात. नॉर्थ बे नाही गेला तरी चालेल. जुन्या विसाच्या नोटेवरचं चित्र म्हणून तिथं नेतात आणि लोक नोट हातात धरून सेल्फी काढतात, पण ते दृश्य आहे माउंट हॅरिएटच्या डोंगरावरनं दिसणारं, म्हणजे नॉर्थ बेवर उभं राहिलात तर तुम्ही चित्राच्या आत आहात, चित्र कुठनं दिसणार? नीलला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच बघायची, तेव्हा खडकांतल्या डबक्यात छोटे खेकडे आणि समुद्रकाकड्या दिसतात. आमच्या यादीत तिथं भरतीची वेळ होती, पाणी बघून परत. तेव्हा भरती-ओहोटीचं टायमिंग हॉटेलवाल्याला विचारा, एजंटला नाही. आणि शंख-शिंपले, प्रवाळ उचलून आणू नका, बंदी आहे, एअरपोर्टवर बॅगेतनं काढून घेतात.

बाराटांग आम्ही मुद्दाम टाळलं आणि ह्यावरनं घरातच वाद झाला. चुनखडीच्या गुहा, खारफुटीतनं बोट, सगळं छान असेल, पण तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातनं जातो. काही शेकडा माणसं आहेत ती सगळी मिळून. गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, नियम कडक आहेत. आणि तरी आमच्या हॉटेलात एकजण नाष्ट्याला सांगत होता, "दोन दिसले, नशीब लागतं." वाघ दिसल्यासारखं! मला ते ऐकूनच नको वाटलं. तुम्हाला पटणार नाही कदाचित, नका पटवून घेऊ.

जेवणाचं म्हणाल तर ताजा मासा झकास, पण झणझणीत काही मिळेल ही आशा सोडा. कांदा-लसूण चटणीचा पुडा सोबत नेला होता म्हणून निभावलं, तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचं सांगलीचं कुटुंब वाटी घेऊन आलं.

तर काकांना हे सगळं तासभर बसून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ते सगळं खरं, पण एवढे पैसे देऊन दीड तास नुसतं बसायचं म्हणजे..." शेवटी बावीसचे चौदा झालेत. बाराटांग गेलं, नॉर्थ बे गेलं, राधानगर दुपारी साडेतीनला आलं. बनाना राइड मात्र काकूंना पाहिजेच आहे.