मत फिरवून मिळेल

विद्यापीठाच्या विचार-महोत्सवातलं व्याख्यान मला आवडतं. मागच्या रांगेत बसून डोळे मिटले, की वक्त्याला वाटतं माणूस चिंतनात आहे. वादसभेत ही सोय नाही. तिथे श्रोत्याला मत लागतं, आणि तेही दोनदा: एकदा भाषणांआधी, एकदा नंतर. ज्या बाजूची मतं जास्त वाढली, ती जिंकली. म्हणजे १०० पैकी ८० जण आधीच तुमच्या बाजूचे असले आणि शेवटी ७५ उरले, तर बहुमत खिशात घेऊन तुम्ही हरलेले.

विषय होता ‘परीक्षा रद्द कराव्यात’. बाजू मांडणारे प्राध्यापक, आयुष्यभर पेपर काढलेले. ‘तळ्यात-मळ्यात कोण?’ असं विचारल्यावर मी भाबडेपणाने हात वर केला. झालं! ठाम मतवाल्यांकडे कोण बघतो? दोन्ही वक्ते मलाच धरून बसले. प्राध्यापक प्रत्येक मुद्द्याला बोट माझ्यावर रोखायचे. मी मान हलवली की विरोधी बाई चष्मा काढून माझ्याकडे असं बघायच्या, की मान अर्ध्यातच थांबायची. खाजवायचीही चोरी.

शेजारचे गृहस्थ मुरलेले निघाले. कानाशी लागून म्हणाले, “अहो, आधी विरोधात हात वर करायचा, मग आपल्या बाजूला यायचं. मत एकच, हिशेब दुप्पट!”

त्यापेक्षा ऑक्सफर्ड युनियनची, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादमंडळाची, तऱ्हा बरी. तिथे बाहेर पडताना ज्या दारातून जाल, ते तुमचं मत. १९३३ साली ‘राजासाठी आणि देशासाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही’ हा ठराव तिथे २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला आणि चर्चिल भयंकर भडकले. त्या २७५ जणांत नुसतं जवळचं दार गाठणारे किती होते, हे कुणी त्यांना विचारायला हवं होतं. (मी असतो तर त्यांतच असतो.)

शेवटच्या मतदानालाही मी तळ्यात-मळ्यातच राहिलो. मान अवघडल्यामुळे निर्णय घेण्याची ताकद उरली नव्हती. निकाल लागला: परीक्षा रद्द. दोन्ही बाजूंच्या वाढीतला फरक, फक्त दोन मतं. तिकडून एक वजा, इकडे एक अधिक.

प्राध्यापक मंचावरून उतरून थेट माझ्याकडे आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्ही फिरलात, म्हणून जमलं!”

मी शेजारी पाहिलं. गृहस्थ पुढच्या वादसभेत जागा धरायला कधीच पळाले होते.