दंड मालकाला, म्हणजे नक्की कोणाला?

"गुण कापणं म्हणजे चाहत्यांना शिक्षा. दंड करा ना, मालकाच्या खिशातून जाऊ दे!" इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबवर हिशेबाच्या घोळावरून कारवाई झाली की पुण्या-मुंबईच्या फुटबॉलप्रेमींकडून हे वाक्य ठरल्यासारखं येतं. पाठोपाठ एफसी गोवाचा दाखला, जिथे गुण कापणं अपिलात रद्द झालं आणि फक्त दंड उरला. त्यावर काही बोलावं तर पुढचं वाक्यही तयार असतं: तुम्ही काय बाबा, तिकडचे झालात, तुम्हाला माणसांपेक्षा नियम प्यारे.

लिव्हरपूलमध्ये, त्यातही निळ्या म्हणजे एव्हर्टन क्लबच्या बाजूला राहून हे ऐकलं की डोकं फिरतं. 2023-24 च्या एकाच मोसमात एव्हर्टनचे गुण दोनदा कापले गेले. राग प्रचंड होता, पण "आमचा काय दोष" असा रडका राग नव्हता. घरी, म्हणजे पुण्या-मुंबईत, मात्र तो तसाच समजून घेतात, वर सहानुभूतीही देतात.

17 नोव्हेंबर 2023 ला, तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून, प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेच्या स्वतंत्र आयोगाने 10 गुण कापले. 14 गुणांचे 4 झाले, संघ चौदाव्यावरून एकोणिसाव्या क्रमांकावर आला. 26 तारखेला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गुडिसनवर, म्हणजे एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावर, सामना होता. ग्लॅडिस स्ट्रीटच्या स्टँडपासून समोरच्या पार्क एंडपर्यंत लोकांनी गुलाबी कार्डं धरली, त्यावर प्रीमियर लीगचं चिन्ह आणि खाली 'करप्ट'. लीगचं गाणं लागलं ते हुर्योमध्ये ऐकूच आलं नाही. आदल्या दिवशी मँचेस्टर सिटीच्या मैदानावरून त्याच मजकुराचा फलक बांधलेलं विमान फिरवलं होतं. सामना 0-3 हरले ते वेगळं. पण या सगळ्यात "त्याऐवजी पैसे घ्या" असं कोणी म्हणत नव्हतं. प्रश्न होते ते असे: दहाच का? आम्हीच पहिले का? आणि 115 आरोप असलेल्या मँचेस्टर सिटीचं काय?

नियम आधी समजून घेऊ, कारण घरच्या वादात तो कोणालाच माहीत नसतो. तीन वर्षांचा तोटा एकत्र धरतात. मर्यादा 10.5 कोटी पौंड, तीही मालकाने भांडवल घालून खड्डा भरला असेल तर. नाहीतर फक्त 1.5 कोटी. अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि बांधकामाचा खर्च या तोट्यातून वजा करू देतात. कोविडची दोन वर्षं सरासरी काढून एकच धरली. 2021-22 अखेर एव्हर्टनचा आकडा निघाला 12.45 कोटी. म्हणजे 1.95 कोटी जास्त.

क्लबचा बचाव मुख्यतः नव्या स्टेडियमच्या व्याजावर उभा होता. ब्रॅम्ली-मूर डॉकवर बांधकाम चाललंय, तेव्हा व्याजही बांधकामाच्या खर्चातच धरा आणि तोट्यातून वगळा, असं म्हणणं. अडचण अशी की स्टेडियमचा पैसा तेव्हाचे मालक फरहाद मोशिरींच्या बिनव्याजी कर्जातून येत होता. व्याजाची कर्जं होती ती रोजचा गाडा ओढण्यासाठी. आयोगाने ते धरलं नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियन उद्योगपती उस्मानोव्ह यांच्या यूएसएम कंपनीचं प्रायोजकत्व गेलं, कोविडमुळे खेळाडू विकता आले नाहीत, हेही सांगून झालं. ते सगळं खरं होतं, तरी अंदाजपत्रकात सहावा क्रमांक गृहीत धरून पैसा उधळायचा आणि सोळावे यायचं, याला युक्रेन जबाबदार नाही. काउंटी रोडवरच्या पबमध्ये हे कोणीही तुम्हाला सांगेल. मोशिरींनी वाट लावली, हे एव्हर्टनवाले आयोगाच्या कितीतरी आधीपासून म्हणत होते.

आता मूळ मुद्दा, दंडाचा. आयोगाने पैशाच्या दंडाचा विचार करून तो नाकारला. कारण साधं: मागे श्रीमंत मालक उभा असेल तर दंड ही शिक्षाच राहत नाही, तो आणखी एक खर्च होतो. पैसा खर्चून मिळवलेला फायदा पैसा भरून मिटवायचा, तर मग नियम कशाला? आणि "मालकाच्या खिशातून" म्हणजे कसं, तेही बघा. मोशिरी क्लबला पैसे द्यायचे ते बहुतांशी कर्ज म्हणून. त्यांनी दंड भरला असता तर तो क्लबच्या ताळेबंदात देणं म्हणून बसला असता. म्हणजे ज्याला शिक्षा व्हावी तो धनको आणि क्लब त्याचा ऋणको! गुण कापले तर निदान ते कर्जाऊ मिळत नाहीत.

मग लोक चिडले कशावर? लीगने मांडलेलं सूत्र होतं: मुळात 6 गुण, वर मर्यादेपलीकडच्या दर 50 लाख पौंडांमागे एक. आयोगाने सूत्र मान्य नाही म्हणून सांगितलं आणि आकडा काढला 10. 1.95 कोटीला 50 लाखांनी भागा, सहा मिळवा, कुठे पोचता बघा. शिवाय दिवाळं निघालेल्या क्लबचे प्रीमियर लीगमध्ये 9 गुण कापतात. दिवाळ्यापेक्षा तोटा मोठा गुन्हा कसा? अपिलात हेच टिकलं. 26 फेब्रुवारी 2024 ला दहाचे सहा झाले. स्टेडियमच्या कर्जाबाबत क्लबने लीगची दिशाभूल केल्याचा आयोगाचा ठपकाही अपील मंडळाने पुसला. ग्लॅडिस स्ट्रीटला चार गुणांइतकंच या ठपक्याचं लागलं होतं. खोटारडे म्हणवून घेणं या शहराच्या पचनी पडत नाही, त्याची कारणं इथे कोणाला सांगावी लागत नाहीत.

8 एप्रिलला पुढच्या वर्षाच्या हिशेबासाठी आणखी 2 गेले. ओलांडलेली रक्कम 1.66 कोटी होती, पण तीनपैकी दोन वर्षं आधीच्या शिक्षेत मोजून झालेली, म्हणून दोनच. त्याच मोसमात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गेले. तीनपैकी दोन वर्षं ते खालच्या डिव्हिजनमध्ये होते, म्हणून त्यांची मर्यादा 6.1 कोटीच, आणि ते 3.45 कोटींनी बाहेर गेले. त्यांचं म्हणणं होतं की ब्रेनन जॉन्सनला विकलं ते पैसे धरा. पण हिशेबाचं वर्ष 30 जूनला संपतं आणि तो टॉटनहॅमला गेला 1 सप्टेंबरला.

हा 30 जूनच या नियमातला खरा काटा आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्ची पडते: पाच कोटींचा खेळाडू, पाच वर्षांचा करार, वर्षाला एक कोटी. तीन वर्षांनी तो चार कोटींना विकला तर वहीत शिल्लक किंमत दोन कोटी, नफा दोन कोटी. अकादमीतून वर आलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य, म्हणून तो चार कोटींना गेला तर चारही कोटी नफा. परिणाम काय? हिशेब जुळवायचा तर सगळ्यात आधी आपलाच पोरगा बाजारात उभा करायचा. जून 2024 च्या शेवटच्या आठवड्यांत एव्हर्टनचा लुईस डॉबिन अ‍ॅस्टन व्हिलाला गेला आणि व्हिलाचा टिम इरोबुनम इकडे आला. दोन्ही क्लबांना विक्रीचा पूर्ण नफा त्याच वर्षात मिळाला, खरेदीचा खर्च मात्र पुढच्या अनेक वर्षांत विभागला गेला. कायदेशीर आहे सगळं. पण चाहत्यांना शिक्षा म्हणायचीच असेल तर मी याला म्हणेन. याबद्दल पुण्याहून कोणी हळहळलेलं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे निळ्या बाजूचे लोकही बघायला नाखूष असतात. 2021-22 मध्ये एव्हर्टन 39 गुणांवर वाचले, बर्नली 35 वर खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. शिक्षा लागली नोव्हेंबर 2023 मध्ये. तीच शिक्षा 2022 च्या मे महिन्यात लागली असती तर? ज्याचं नुकसान झालं त्याला काही मिळालं नाही, म्हणून बर्नलीने भरपाईचा दावा लावला. गुण कापण्याविरुद्ध बोलायचंच तर हा मुद्दा घ्या: शिक्षा चुकीच्या मोसमात पडते. 2023-24 मध्ये 8 गुण जाऊनही एव्हर्टन 40 गुणांवर पंधरावे आले आणि फॉरेस्टही 32 वर तरले, कारण खालचे तिघे त्याहून वाईट खेळले.

आता गोवा. 20 डिसेंबर 2015, फातोर्डा, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल. गोवा 2-1 पुढे, शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल, चेन्नईयिन 3-2 ने विजेते. नंतर मैदानात राडा, गोव्याचा पारितोषिक समारंभावर बहिष्कार. 2016 मध्ये निकाल आला: 11 कोटी रुपये दंड, पुढच्या मोसमात 15 गुण वजा, दोन मालकांवर बंदी. अपिलात गुण आणि बंदी रद्द झाली, दंड 6 कोटींवर आला. म्हणजे लंडनमध्ये ज्या शिक्षेला अपुरी म्हणून नाकारलं, तीच आपल्याकडे शेवटी उरली. घरचे याला माणुसकी म्हणतात.

मला ते पटत नाही, पण 15 गुणही पटत नाहीत. तेव्हा आयएसएलमध्ये आठ संघ, प्रत्येकी 14 सामने. म्हणजे जास्तीत जास्त 42 गुणांतले 15 आधीच गेलेले. 2016 मध्ये गोवा 14 गुणांवर शेवटचे आले. शिक्षा कायम राहिली असती तर वजा एक. आणि त्याने फरक काय पडला असता? शेवटचा तो शेवटचाच. खालची डिव्हिजनच नाही तिथे गुण कापण्याला धार कुठून येणार? इंग्लंडमधली शिक्षा उचलून आयएसएलला लावता येत नाही, तशीच आयएसएलची माफी उचलून इंग्लंडला शहाणपण शिकवता येत नाही. केरळ ब्लास्टर्स मार्च 2023 मध्ये बंगळुरूत सामना अर्धवट सोडून गेले, तेव्हा 4 कोटींचा दंड झाला आणि माफी मागितली नाही तर 6 कोटी असं ठरलं. माफीची किंमत दोन कोटी! इथल्या कुठल्या आयोगाने असा भाव लावला असता तर दुसऱ्या दिवशी इथल्या 'एको' या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर धिंडवडे काढले असते.

हे लिहिताना एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. एव्हर्टनच्या प्रकरणात मी आकडे बघतो, निकालाची पानं वाचतो, 10 चे 6 झाले ते योग्यच झालं असं तोलूनमापून सांगतो. गोव्याचं नाव निघालं की तोल जातो. आयोग, शिस्त, बहिष्कार, सगळं बाजूला राहतं आणि मनात पहिलं येतं ते "आमच्या पोरांच्या हातातून काढून घेतलं". त्या क्षणी मी अगदी त्या पुण्या-मुंबईवाल्यांसारखाच असतो. इथे जन्मलेल्या माणसाचं एव्हर्टनबाबत नेमकं असंच होतं. निकालाची चाळीसेक पानं वाचायची त्याला गरज वाटत नाही. निळं (एव्हर्टन) की लाल (लिव्हरपूल क्लब), हे त्याला आजोबांकडून मिळतं. मी ते निवडलं, आणि निवडलेल्या गोष्टीची माहिती जरा जास्तच ठेवावी लागते. "तिकडचे झालात" हा टोमणा म्हणून अर्धाच लागतो, इकडच्यांनाही तो पूर्ण पटणार नाही.

मँचेस्टर सिटीबद्दल मुंबईकर जरा सबुरीने बोलतात, कारण मुंबई सिटी 2019 पासून डिसेंबर 2025 पर्यंत त्याच मंडळींची होती. आरोप फेब्रुवारी 2023 चे, सुनावणी सुरू झाली सप्टेंबर 2024 मध्ये. एव्हर्टनने आकडे मान्य केले म्हणून त्यांचा निकाल काही महिन्यांत लागला. सगळंच नाकारलं की वर्षं जातात. गुलाबी कार्डांमागचं गणित हेच होतं.

आता जुना नियम जातोय. 2026-27 पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 85 टक्क्यांत बसवायचा. ती रेषा ओलांडली तर आधी पैशाची आकारणी, आणखी वरची रेषा ओलांडली तरच गुण. म्हणजे पुण्या-मुंबईची मागणी निम्मी मान्य झाली म्हणायची. पहिली आकारणी ज्या क्लबवर होईल, त्याच्या पुढच्या मोसमाच्या तिकिटांचे दर मी पाठवून देईन.